यकृत प्रत्यारोपण पथक

यकृत प्रत्यारोपण पथक : निकामी झालेले यकृत काढून त्या जागी दुसऱ्या माणसाचे यकृत किंवा त्याचा भाग बसवणाऱ्या, आणि पुढे त्या रुग्णाला आयुष्यभर सांभाळणाऱ्या निरनिराळ्या वैद्यकशाखांच्या तज्ज्ञांचा गट. ‘लिव्हर ट्रान्सप्लांटची टीम’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर शल्यचिकित्सक येतो. त्याचे काम मोठे आहेच. पण त्याने सुरी हाती घेण्याआधी आणि ठेवल्यानंतर कितीतरी जणांचे हात रुग्णाला लागलेले असतात.

याचे कारण यकृताच्या स्वभावात आहे. रक्त गोठवणारे घटक, अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन आणि पित्त तयार करणे, साखर साठवणे, औषधे आणि अमोनिया यांची विल्हेवाट लावणे ही सारी कामे ते करते. ते थकले की पोटात पाणी होते, मूत्रपिंडे मंदावतात, फुप्फुसांतील रक्तवाहिन्या बदलतात, स्नायू झिजतात आणि माणूस बरळू लागतो. एका अवयवाचा आजार सगळ्या शरीरावर पसरतो, म्हणून कोणत्याही एका शाखेला तो पुरता आवरत नाही. या पथकाचे आणखी एक वैशिष्ट्य फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. एकत्र काम करण्यासाठी जसे ते घडवलेले असते, तसे काही ठिकाणी जाणूनबुजून वेगळे ठेवलेलेही असते, आणि रुग्णाइतकाच दाताही सुरक्षित राहतो तो या वेगळेपणामुळे.

पूर्वपीठिका

अमेरिकेत डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये मानवातील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. पित्तनलिका बंद असलेले ते तीन वर्षांचे बालक रक्तस्रावाने टेबलावरच दगावले. त्यानंतर लागोपाठ अपयश आल्यामुळे काम काही काळ थांबवावे लागले. १९६७ मध्ये स्टार्झल यांच्याच एका बालरुग्णाने वर्षाहून अधिक आयुष्य मिळवले, तर १९६८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी आपला कार्यक्रम सुरू केला. टाके घालण्याचे तंत्र तोवर हाती येऊ लागले होते. रक्त गोठण्याचे शास्त्र, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायची औषधे आणि शस्त्रक्रियेनंतरचा अतिदक्षता विभाग मात्र मागे होते. सायक्लोस्पोरिन हे तसे औषध आले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञपरिषदेने हा प्रयोग नसून उपचार आहे असे मान्य केले. पथकाची आजची रचना या वीस वर्षांच्या अपयशांतून उभी राहिली आहे. ज्या कारणाने रुग्ण गेला, त्या कारणाचा तज्ज्ञ पुढच्या वेळी टेबलाशी आला.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत तो प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. देशातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत, वडिलांच्या यकृताचा भाग वीस महिन्यांच्या मुलाला देऊन झाले. भारतातील यकृत प्रत्यारोपणांत जिवंत दात्यांकडून होणाऱ्यांचा वाटा आजही मोठा आहे. त्यामुळे इथल्या पथकाला बहुतेक वेळा एकाऐवजी दोन माणसांचा जीव सांभाळायचा असतो, आणि त्यातला एक पूर्ण निरोगी असतो.

साप्ताहिक बैठक

कार्यक्रमाचा खरा कणा म्हणजे आठवड्याची बैठक. तिच्यात यकृतविकारतज्ज्ञ रुग्णाची माहिती मांडतात. बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) आणि सोडियम यांच्या रक्तातील आकड्यांवरून काढलेला ‘मेल्ड’ गुणांक ६ ते ४० या पट्ट्यात असतो. तो जितका जास्त, तितका प्रत्यारोपणाविना मृत्यूचा धोका जवळ. पण आकडा सगळे सांगत नाही. पंधरा गुणांचा एखादा रुग्ण दर आठवड्याला पोटातले पाणी काढून घेतो आणि अंथरुणातून उठू शकत नाही, हे फिजिओथेरपिस्ट चालण्याच्या चाचणीवरून दाखवून देतो. हृदयतज्ज्ञ हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी (इको) बघतात, श्वसनविकारतज्ज्ञ रक्तातील ऑक्सिजनची पातळी तपासतात, दंतवैद्य किडलेली दाढ काढायला सांगतात. दाढेचे इथे काय काम, असे नातेवाइकांना वाटते. परंतु प्रतिकारशक्ती दाबल्यानंतर तिथलाच जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

यकृताचा कर्करोग असेल तर रेडिओलॉजिस्टचे मोजमाप निर्णायक ठरते. १९९६ मध्ये मिलानहून आलेल्या निकषांनुसार एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नाही, अशा रुग्णांना प्रत्यारोपणाचा चांगला लाभ होतो. मोठी गाठ आधी उपचारांनी आवळून मग पुन्हा बैठकीत आणली जाते.

सर्वांत अवघड चर्चा दारूमुळे यकृत गेलेल्या रुग्णांची. सहा महिने दारू सोडलेली असावी हा जुना दंडक अनेक ठिकाणी आहे. मात्र तीव्र मद्यजन्य हेपॅटायटिसचा रुग्ण बहुधा सहा महिने जगतच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-बेल्जियमच्या अभ्यासाने काळजीपूर्वक निवडलेल्या अशा रुग्णांना लवकर प्रत्यारोपण देऊन चांगले परिणाम दाखवले, तेव्हापासून कॅलेंडरपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाचे मत आणि घरचा आधार यांना वजन आले. हे योग्यच झाले. व्यसन हा आजार आहे आणि या टेबलाभोवती त्याचाही डॉक्टर हवा.

बैठकीतून ‘नाही’ हे उत्तरही येते. ते रुग्णाला सांगण्याची जबाबदारी कोणा एकाची नसते, तशी ती कोणी टाळूही शकत नाही.

दात्याची बाजू

जिवंत दात्यासाठी चांगल्या केंद्रांत वेगळा वैद्य नेमतात, ज्याचा रुग्णाच्या उपचाराशी संबंध नसतो. सीटी स्कॅनवरून दात्याच्या यकृताचे घनमान काढतात. दात्याकडे मूळच्या यकृताचा किमान ३० टक्के भाग उरला पाहिजे आणि रुग्णाला त्याच्या वजनाच्या सुमारे ०.८ टक्के वजनाचे यकृत मिळाले पाहिजे, या दोन टोकांमध्ये गणित बसवावे लागते. प्रौढासाठी बहुधा उजवी बाजू घेतात, लहान मुलासाठी डावीकडचा छोटा तुकडा पुरतो. उरलेले यकृत दोन-तीन महिन्यांत जवळपास पूर्ववत वाढते. यकृतात चरबी असेल तर आहारतज्ज्ञ दात्याला वजन उतरवायला लावतात. मुलाला यकृत देण्यासाठी आई-वडिलांनी भात-साखर सोडून रोज चालायला सुरुवात केल्याची उदाहरणे प्रत्येक केंद्रात सापडतात.

तरीही दात्याच्या मृत्यूचा धोका शून्य नाही. तो थोडा असला तरी त्याला स्पष्ट सांगावाच लागतो, आणि एकट्याला बसवून सांगावा लागतो. भारतात जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच जास्त आहे. पत्नी, आई, बहीण पुढे होतात. कधी मनापासून, कधी घरातल्या न बोललेल्या अपेक्षेपोटी. २०१४ च्या नियमांत स्त्री दात्याबाबत अधिक काळजी घेण्याची, तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळण्याची तरतूद आहे. ज्या दात्याला मनातून नको आहे, त्याला पथक घरच्यांसमोर उघडे पाडत नाही. ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच कळवले जाते. एका वाक्याची ही ढाल पथकाच्या सगळ्या यंत्रांइतकीच मोलाची आहे.

मेंदूमृत दात्याच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू प्रमाणित करते, आणि प्रत्यारोपण पथकातील कोणीही त्या मंडळावर असू शकत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या प्रतीक्षा यादी सांभाळतात. अवयव कोणाला जावा हे शल्यचिकित्सकाच्या मर्जीवर नसते.

समन्वयक

कायद्याने नोंदणीकृत प्रत्यारोपण केंद्रात समन्वयक असणे बंधनकारक आहे. हा बहुधा समाजकार्य किंवा परिचर्येचे शिक्षण घेतलेला माणूस. अपघातात मुलगा गमावलेल्या आई-वडिलांशी तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून बोलतो. छाती हलते आहे, अंग गरम आहे, मग गेला कसा, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा असतो. त्याचे उत्तर घाई न करता द्यावे लागते. होकार मिळाला की त्याच माणसाला रात्रीतून प्रयोगशाळा, विभागीय समिती, पोलिसांची कागदपत्रे, ग्रीन कॉरिडॉरसाठी, म्हणजे अवयव नेणाऱ्या गाडीला रस्ता मोकळा ठेवण्यासाठी, वाहतूक शाखा आणि प्रतीक्षा यादीतील रुग्ण या सर्वांना जोडायचे असते. बर्फातल्या यकृताकडे साधारण ८ ते १२ तास असतात. पैशांची जुळवाजुळवही बऱ्याचदा त्याच्या किंवा वैद्यकीय समाजसेवकाच्या गळ्यात पडते : मुख्यमंत्री साहाय्यता निधी, ट्रस्टचे अर्ज, धर्मादाय रुग्णालयातील निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटा.

शस्त्रक्रियेचा दिवस

जिवंत दात्याच्या वेळी दोन शेजारशेजारच्या शस्त्रक्रियागृहांत दोन पथके काम करतात. रुग्णाला यकृताचा कर्करोग असेल तर पोट उघडून तो पसरला नाही याची खात्री होईपर्यंत दात्याचे यकृत कापले जात नाही. पुढे यकृत-शिरा, द्वारशिरा, यकृत-धमनी आणि पित्तनलिका असे जोड होतात. दोन-तीन मिलिमीटर रुंदीची धमनी काही केंद्रांत सूक्ष्मशल्यतंत्र येणारे प्लास्टिक सर्जन जोडतात.

भूलतज्ज्ञाचे काम टप्प्याटप्प्याने बदलते. जुने यकृत सोडवताना रक्तस्राव, जुने निघून नवे जोडेपर्यंतच्या यकृतविहीन काळात साखर आणि आम्लता, आणि मग सर्वांत भीतीचा क्षण : रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सुटतात आणि नव्या यकृतातले थंड, पोटॅशियमयुक्त, आम्लधर्मी रक्त एकदम हृदयाकडे येते. रक्तदाब कोसळू शकतो, ठोके मंदावू शकतात. औषधे आधीच भरून हातात धरलेली असतात. कोणता रक्तघटक हवा हे गुठळीचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर पाहून ठरते आणि रक्तपेढीतला तंत्रज्ञ त्या रात्री जागाच असतो. मृत दात्याच्या यकृतात चरबी किती, हे सांगण्यासाठी विकृतिशास्त्रज्ञालाही मध्यरात्री सूक्ष्मदर्शकाशी बसावे लागते. कापलेल्या पित्तनलिकेतून सोनेरी पित्ताचा पहिला थेंब दिसला की सगळ्या खोलीचा श्वास मोकळा होतो.

पहिल्या दिवसांत रोज डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, धमनीतील प्रवाह पाहतात, कारण तिथे गुठळी झाली तर नवे यकृतही हातचे जाऊ शकते. बदल पहिल्यांदा दिसतो तो मात्र परिचारिकेला. नळीतल्या स्रावाचा रंग, तासाची लघवी, काल ओळखणारा रुग्ण आज गोंधळला आहे, या गोष्टी तिच्या नोंदवहीतून डॉक्टरांपर्यंत जातात.

घरी गेल्यानंतर

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची मात्रा त्याच्या रक्तपातळीवर ठरते आणि ते रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. गोळी घेऊनच प्रयोगशाळेत येणे ही नेहमीची चूक. काही प्रतिजैविके आणि बुरशीवरची औषधे पातळी चढवतात, क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन ती उतरवते, ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातले पपनस टाळायला सांगतात. औषधशास्त्रज्ञ रुग्णाची पिशवी उघडून प्रत्येक पुडी पाहतो ती याचसाठी. काढे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे हा त्यातला नाजूक विषय. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. प्रत्यारोपित रुग्णाची गोष्ट तर वेगळीच आहे. त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते, ती चेतवणारी कोणतीही गोष्ट त्याच्या यकृताच्या विरोधात जाऊ शकते.

आहारतज्ज्ञाला जुन्या समजुतींशी झगडावे लागते. यकृताच्या रुग्णाला डाळ, अंडी, दूध बंद हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो, वास्तविक प्रथिने तोडल्याने स्नायू आणखी झिजतात. तोडायचे ते मीठ, म्हणजे पापड आणि लोणचे. झोपण्यापूर्वी थोडे खाणेही लागते. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे काही महिने उसाचा रस, पाणीपुरी, मोड आलेली कच्ची कडधान्ये यांना मनाई असते.

बालरुग्णांच्या बाबतीत पथकाची काळजी वर्षांनुवर्षे चालते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आईचे यकृत मिळालेले मूल पंधरा-सोळाचे होते तेव्हा त्याला आजारपण आठवत नसते. वेळेवर घ्यायची गोळी त्याला नुसती कटकट वाटते आणि याच वयात गोळ्या चुकून यकृत नाकारले जाण्याचे प्रसंग घडतात. म्हणून काही केंद्रांत बालयकृततज्ज्ञ आणि प्रौढांचे यकृततज्ज्ञ काही काळ त्याला एकाच ओपीडीत पाहतात. आधी आईसह, मग हळूहळू आईला बाहेर बसवून, प्रश्न थेट त्यालाच विचारतात.