बँड बदलला की जुन्या नोंदी कुठे जातात : पार्श्वभूमी

नवा फिटनेस बँड घेताना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. बॅटरी किती दिवस चालते, पोहताना चालेल का, जीपीएस आहे का, स्क्रीन केवढी. जुन्या बँडने चार-पाच वर्षं जमवलेल्या पावलांचं, झोपेचं आणि नाडीच्या ठोक्यांचं काय होणार, हा प्रश्न मात्र पैसे भरून झाल्यावर पडतो. नवं अ‍ॅप उघडलं की सगळीकडे शून्य दिसतं आणि जुन्या अ‍ॅपला नवा बँड सापडत नाही. हे शून्य कसं आलं हे समजून घ्यायचं तर गेल्या दहा-बारा वर्षांतल्या खरेदी-विक्रीकडे, अ‍ॅपच्या नामांतरांकडे आणि दिल्लीत एका मसुद्यातून गळलेल्या कलमाकडे पाहावं लागतं.

पावलं मोजणारी यंत्रं जुनीच. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 साली, जपानमध्ये कमरेला अडकवायचं 'मानपोकेई' विक्रीला आलं. 10,000 पावलांचा आकडा त्याच्या नावातूनच जगभर पसरला, हे इतक्या वेळा लिहून झालं आहे की इथे पुन्हा नको. 1982 साली फिनलंडमध्ये छातीला पट्टा आणि मनगटावर आकडा अशी बिनतारी जोडी खेळाडूंसाठी आली. या यंत्रांत नोंदींचा प्रश्नच नव्हता. आकडा वहीत उतरवायचा आणि यंत्र शून्यावर आणायचं, मग यंत्र बदललं तरी वही आपल्याकडेच राहायची.

नोंद वापरणाऱ्याच्या हातून सुटली ती 2009 मध्ये. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत आलेली पहिली फिटबिट म्हणजे कपड्याला लावायची चिमटी होती. तिचा तळ संगणकाच्या यूएसबीला जोडलेला असे आणि चिमटी जवळून गेली की तिच्यातले आकडे आपोआप कंपनीच्या संकेतस्थळावर चढत. सोय उत्तमच होती. पण सुरुवातीच्या वर्षांत आपल्याच नोंदी फाईलच्या रूपात उतरवून घ्यायच्या तर वार्षिक वर्गणी भरावी लागे. पुढे ती अट गेली, तरी नोंद कंपनीकडे ठेवायची आणि मागितली तर द्यायची ही रीत तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे मुंबईतल्या एका कंपनीने 2014 मध्ये बँडसोबत सल्लागाराची वर्गणी जोडून पाहिली. बँड घराघरांत गेला तो मात्र 2015 मध्ये, शाओमी या चिनी फोन कंपनीने 999 रुपयांत आणलेल्या 'मी बँड'मुळे. त्याला पडदा नव्हता. जेमतेम 5 ग्रॅमची एक गोळी, तिच्यावर तीन दिवे. ठरवलेल्या पावलांतला एकेक तृतीयांश पूर्ण झाला की एकेक दिवा लागायचा. वेळ दिसत नसे, त्यामुळे दुसऱ्या हातात घड्याळ असायचंच. चार्जिंगला गोळी रबरी पट्ट्यातून अंगठ्याने ढकलून काढायची आणि डबीत बसवायची. काही महिन्यांत पट्ट्याचं भोक सैल व्हायचं आणि लोकलच्या गर्दीतून उतरल्यावर मनगटावर नुसता रिकामा पट्टा उरायचा. हे इतकं सर्रास होतं की सुटे पट्टे रस्त्यावर मोबाईल कव्हरच्या शेजारी लटकू लागले. 2016 मध्ये दुसऱ्या आवृत्तीला पडदा आला, 2019 च्या चौथ्या आवृत्तीला रंग आले, आणि पाचव्या आवृत्तीत चुंबकी चार्जर आल्यावर गोळी काढायची कटकट कायमची गेली.

या पाच-सहा वर्षांत बँड बदलणं खरोखर सोपं होतं. अ‍ॅप तेच, खातं तेच. जुना बँड खात्यातून सोडवायचा, नवा जोडायचा, आणि पावलांचा आलेख मागील पानावरून पुढे चालू. हरवलेल्या गोळीचंही कुणाला फार वाटत नसे, कारण नोंद गोळीत नव्हतीच. आज पहिल्यांदा बँड बदलणाऱ्या अनेकांची अपेक्षा याच काळात घडली आहे. जून 2020 मध्ये 59 चिनी अ‍ॅपवर बंदी आली तेव्हा त्याच फोन कंपनीची दोन अ‍ॅप त्या यादीत होती, बँडचं नव्हतं. सगळ्या नोंदी एका परक्या अ‍ॅपच्या भरवशावर आहेत, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

त्याच वर्षी करोना आला आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घरोघरी तोंडी बसला. दीड-दोन हजार रुपयांत ऑक्सिजन, रक्तदाब, ताण, सगळंच दाखवणारी देशी छापाची घड्याळं आली. टेबलाला किंवा गुंडाळलेल्या टॉवेलला बांधली तरी त्यांतली काही नाडी दाखवत, याचे व्हिडिओ पुष्कळ फिरले. यात जादू काही नाही. हिरवा प्रकाश सोडायचा, परत येणाऱ्या प्रकाशातला चढउतार मोजायचा आणि त्यातून ठोके काढायचे, अशी ही पद्धत. समोर त्वचा आहे का हे तपासण्याची तसदी स्वस्तातल्या घड्याळांनी घेतली नाही, एवढंच. इथे मुद्दा वेगळा आहे. यातल्या बऱ्याच घड्याळांचं अ‍ॅप घड्याळ बनवणाऱ्या कारखान्याकडूनच तयार आलेलं होतं. छाप बदलला की अ‍ॅप बदललं, आणि अ‍ॅपबरोबर खातंही. 2024 मध्ये देशातली स्मार्टवॉचची विक्री घसरली. आपल्या घड्याळामागचं अ‍ॅप आणखी किती वर्षं चालणार, याची हमी या ग्राहकांना कुणी दिलेली नाही.

सर्वाधिक घोळ मात्र जुन्या, विश्वासाच्या बँडच्या बाबतीतच झाला. मी बँड विकणारी कंपनी आणि तो प्रत्यक्ष बनवून अ‍ॅप चालवणारी कंपनी वेगवेगळ्या होत्या. बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाची घड्याळं काढली आणि 2021 मध्ये स्वतःचं नाव बदलून झेप केलं. पाठोपाठ मी फिट या अ‍ॅपचं नाव झेप लाइफ झालं. याच कंपनीचं झेप नावाचं आणखी एक अ‍ॅप होतं, तिच्या स्वतःच्या घड्याळांसाठी. तिकडे फोन कंपनीने आपलं वेगळं अ‍ॅप उभं केलं, आणि त्याला नाव दिलं मी फिटनेस. म्हणजे मी फिट आणि मी फिटनेस ही नावं सख्ख्या भावंडांसारखी, प्रत्यक्षात घरं दोन. आठव्या आवृत्तीपासून बँड मी फिटनेसला जोडावा लागतो. जुन्या नोंदी झेप लाइफमध्ये. दोन्हीकडे लॉगिन त्याच शाओमी खात्याने केलं तरी जुना आलेख नव्या अ‍ॅपमध्ये आपोआप येत नाही. बँडचा अनुक्रमांक एकाने वाढला एवढंच गिऱ्हाइकाला दिसतं. त्या एका आकड्याआड दोन कंपन्यांची वाटणी झालेली आहे, हे खोक्यावर कुठेही छापलेलं नसतं.

नोंदी बाहेर काढण्याची सोय झेप लाइफमध्ये आहे, पण सेटिंग्जच्या पोटात. मागणी केली की झिप फाईल मिळते, तिला पासवर्ड असतो, आणि आत पावलं, झोप, नाडी यांच्या वेगवेगळ्या सीएसव्ही (तक्त्याच्या) फाईली असतात. झोपेच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेल्या. रात्री साडेअकराला झोपलेला माणूस तिथे संध्याकाळी 6 ला झोपलेला दिसतो. साडेपाच तास मिळवून स्वतः दुरुस्ती करायची. आणि दुरुस्त केलेली ही फाईल नव्या अ‍ॅपमध्ये चढवायचं बटण शोधायला जावं, तर तेच नसतं. बाहेर पडायला दार आणि आत यायला भिंत, असा हा प्रकार.

ही सोय अ‍ॅपमध्ये आली त्याचं श्रेय भारतीय ग्राहकाच्या मागणीला नाही. युरोपचा माहितीसंरक्षण कायदा मे 2018 मध्ये लागू झाला. आपली माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात मिळवण्याचा आणि दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क त्यात आहे. बऱ्याच कंपन्यांनी बटण सगळ्या जगासाठी एकच ठेवलं, म्हणून ते आपल्यालाही मिळालं. फिटबिटच्या बाबतीतही अट घातली ती युरोपनेच. 2019 मध्ये एका अमेरिकी शोधयंत्र कंपनीने ती 2.1 अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं आणि जानेवारी 2021 मध्ये व्यवहार पुरा झाला. युरोपच्या नियामकांनी मंजुरी देताना अट घातली की तिथल्या लोकांच्या आरोग्याच्या नोंदी 10 वर्षं जाहिरातींसाठी वापरायच्या नाहीत. ही अट युरोपीय ग्राहकांपुरती होती. मार्च 2023 मध्ये फिटबिटवरच्या मित्रांबरोबरच्या पावलांच्या स्पर्धा बंद झाल्या, त्यांचा इतिहासही गेला. त्याच वर्षापासून जुनं खातं नव्या मालकाच्या खात्यात हलवायला सांगण्यात आलं. त्याची मुदत आधी 2025 पर्यंत होती, मग पुढे ढकलली गेली. खातं हलवलं नाही तर नोंदी पुसल्या जातील, असं कळवण्यात आलं. बँड मनगटावर तोच असतानाही अपग्रेडचा व्याप मागे लागतो, तो असा.

आता दिल्लीतला निर्णय. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल ऑगस्ट 2017 मध्ये आला. त्यानंतर आपल्या माहितीसंरक्षण कायद्याच्या 2018 च्या पहिल्या मसुद्यात आणि डिसेंबर 2019 मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात दोन गोष्टी होत्या. आरोग्याची माहिती ही 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती, आणि माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क स्वतंत्र कलमाने दिलेला होता. त्या कलमात आपण भरलेली माहितीच नव्हे, तर सेवा वापरताना तयार झालेली माहितीही धरलेली होती. बँडसाठी हे शब्द नेमके कामाचे. आपण बँडमध्ये भरतो ती उंची आणि वजन. पावलं आणि झोप ही तयार होणारी माहिती. कंपनीला नकार द्यायला दोन सबबी ठेवल्या होत्या, व्यापारी गुपित आणि तांत्रिक अशक्यता. संसदेच्या संयुक्त समितीने डिसेंबर 2021 च्या अहवालात यातली व्यापारी गुपिताची सबब काढून टाकायला सुचवलं. म्हणजे तोवर वाट ग्राहकाच्या बाजूनेच चालली होती.

ऑगस्ट 2022 मध्ये विधेयकच मागे घेतलं गेलं. नोव्हेंबरमध्ये आटोपशीर असा नवा मसुदा आला, त्यात हे कलम नव्हतं, आणि संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गही नव्हता. ऑगस्ट 2023 च्या कायद्यातही दोन्ही नाहीत. लहान कंपन्यांवर अनुपालनाचा बोजा नको, आणि माहिती हलवण्याचा प्रश्न खासगीपणाचा नसून बाजारातल्या स्पर्धेचा आहे, अशी बाजू मांडली जाते. दुसरा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण मोबाईल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर सुरू झाली, तीही स्पर्धेचाच प्रश्न म्हणून, आणि ती नियमाने सक्तीची केली होती. कंपन्यांनी आपणहून दिली नव्हती. बँडच्या बाबतीत स्पर्धा पाहणारी सक्तीही नाही आणि खासगीपणा पाहणारं कलमही नाही. कायद्याने दिलेला हक्क आहे तो आपल्या माहितीचा 'सारांश' मागण्याचा, चुका दुरुस्त करून घेण्याचा आणि माहिती पुसून टाकायला सांगण्याचा. सारांश म्हणजे फाईल नव्हे. आणि पुसणं तर बँड बदलणाऱ्याला नकोच असतं.

विचित्र म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत या नोंदींसाठी जागा राखलेली आहे. 'आभा' या सरकारी डिजिटल आरोग्य ओळख-क्रमांकाला जोडता येणाऱ्या कागदपत्रांच्या प्रकारांत प्रिस्क्रिप्शन, लॅबचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड यांच्या जोडीला 'वेलनेस' नोंद असा एक प्रकार आहे, आणि पावलं, नाडी अशा गोष्टी त्यात बसतात. तिथे त्या पोचवण्याचं बंधन मात्र बँड कंपन्यांवर नाही.

हे सगळं केवळ हौसेपुरतं असतं तर सोडूनही देता आलं असतं. सप्टेंबर 2020 मध्ये आरोग्य विम्यात तंदुरुस्तीबद्दल गुण आणि सवलती देण्याचे नियम आले. काही योजनांत रोजच्या पावलांवर हप्त्यातला काही भाग परत मिळतो. विमा कंपनीचं अ‍ॅप ठरावीक अ‍ॅपमधूनच पावलं उचलतं. नवा बँड त्या यादीत नसेल तर माणूस चालत राहतो आणि त्या महिन्याचे गुण बुडतात. बँड घेण्याआधी ही यादी पाहणारा ग्राहक क्वचितच असतो.

नोंदी हलल्या तरी आलेख सलग राहतोच असं नाही. दोन बँड एकाच हातात बांधले तरी रात्री आकडे वेगळे येतात. खड्ड्यांच्या रस्त्यावरची स्कूटर एखाद्याला चालणं वाटते, एखाद्याला नाही. भाजीची ढकलगाडी धरून चालणाऱ्याच्या हाताचा झोका थांबलेला असतो, त्याची बरीच पावलं गळतात. झोपेचे टप्पे तर प्रत्येक कंपनीच्या अंदाजाचे. म्हणून डॉक्टरला दाखवायचे असतील तर जुने आणि नवे आकडे एका रेषेत जोडू नयेत.

सध्या मधला मार्ग म्हणून जे आहे ते अँड्रॉइडवरचं हेल्थ कनेक्ट. त्याची घोषणा 2022 मध्ये झाली आणि अँड्रॉइड 14 पासून ते फोनमध्येच अंगभूत आहे. आयफोनवर तशी सोय 2014 पासून आहे. त्यात नोंदी फोनवर राहतात आणि वेगवेगळी अ‍ॅप परवानगीने त्या लिहितात-वाचतात. हेल्थ कनेक्टची मेख अशी की नव्या अ‍ॅपला परवानगी दिली की साधारणपणे त्या दिवसाच्या मागचे 30 दिवसच वाचता येतात. त्याहून जुनं वाचायला वेगळी परवानगी लागते आणि ती मागायची की नाही हे अ‍ॅप ठरवतं. शिवाय जुन्या अ‍ॅपने त्यात नोंदी लिहिलेल्याच नसतील तर वाचायला काही सापडत नाही. त्यामुळे जुना बँड खात्यातून सोडवण्याच्या आणि जुनं अ‍ॅप काढून टाकण्याच्या आधी ही जोडणी करून घ्यावी, झिप फाईल उतरवून ठेवावी आणि तिचा पासवर्डही लिहून ठेवावा.