पावसाळ्यात लॉन कापायला माणूस लावलाय, काम बरोबर होतंय का हे कसं बघायचं?

(पुणे, मुळशी, लोणावळा भागातल्या आमच्या बंगलेवाल्या आणि सोसायटीवाल्या ग्राहकांसाठी. काम दुसऱ्या कुणाकडून करून घेत असाल तरी वाचा, उपयोगाचं आहे.)

जूनचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या फोनवर दोन वाक्यं सतत ऐकू येतात. "अहो गवत घोट्याच्या वर गेलं, माणूस कधी पाठवताय?" आणि "काल तुमचा माणूस येऊन गेला, आज लॉन पिवळं पडलंय." गंमत म्हणजे बऱ्याचदा पहिल्या फोनची घाई केली की दुसरा फोन येतो. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

सरळ सांगायचं तर पावसाळ्यात लॉनवाल्याची परीक्षा तो किती वेळा आला आणि किती बारीक कापलं यावर करू नका. तो कधी कापायला नाही म्हणाला, आणि कापल्यावर तिसऱ्या दिवशी लॉन कसं दिसतंय, हे बघा. कापल्या दिवशी सगळंच छान दिसतं, ओलं असतं, हिरवं असतं, वास पण मस्त येतो, त्यामुळे त्या दिवशी शाबासकी पण देऊ नका आणि शिव्या पण नकोत.

आला आणि न कापता परत गेला

यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटतं माणूस हजेरी लावून पळाला. पण आधी एक करून बघा, लॉनवर चार पावलं चाला आणि मागे वळून बघा. पावलाचा ठसा राहिला, त्यात पाणी वर आलं, तर त्या दिवशी तिथे मशीन फिरवणं म्हणजे पैसे देऊन लॉनची वाट लावून घेणं आहे. मशीनची चाकं रुततात, माती दाबली जाते, दाबलेल्या मातीत हवा राहत नाही आणि मुळं गुदमरतात. काळी माती असेल तर अजून वाईट, ती पाणी पिऊन फुगते आणि दाबली की विटेसारखी घट्ट बसते. चाकांच्या चाऱ्या एकदा पडल्या की पाऊस संपल्यावर पोयटा आणि वाळू भरून त्या समान करायला लागतात, तो खर्च वेगळा.

म्हणजे जो माणूस रिमझिम चालू असताना, गवत निथळत असताना, मशीन चालू करून अर्ध्या तासात उरकून सही घेऊन जातो, त्याच्यावर खरं म्हणजे संशय घ्यायला हवा. चांगला माणूस निदान तीन-चार तासांची उघडीप बघतो, पात्यावरचं पाणी वाळू देतो. साधारण अकरा ते चार ही वेळ बरी. सकाळी सातला या असा आग्रह काही ग्राहक धरतात, आम्ही समजू शकतो, ऑफिसला निघायच्या आत काम डोळ्यासमोर व्हावं असं वाटतं, पण सकाळी सातला पावसाळ्यातलं गवत वाळलेलं असणं जवळपास अशक्य.

आणि जागेप्रमाणे फरक पडतो हो. शिवाजीनगरला वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस होतो आणि लोणावळ्याला चार हजारांच्या वर, मग दोन्हीकडे "आठवड्याला एक फेरी" हा एकच नियम कसा चालेल? कोथरूडच्या बंगल्यात जुलैत पण मधेमधे कोरडा दिवस मिळून जातो. लोणावळ्यात जुलै पूर्ण हातातून जाऊ शकतो, खरं काम श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाल्यावर. तिथल्या फार्महाऊसवाल्यांनी जुलैत बिलियर्ड टेबलासारखं लॉन मागू नये, एवढीच विनंती.

किती कापलं

एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम जगभर सगळे लॉनवाले मानतात आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त तोच मोडतात. दीड इंचावर ठेवायचं लॉन असेल तर ते सव्वादोन इंच झालं की कापायचं. पण पाऊस थांबलाच नाही आणि ते साडेचार इंच झालं तर? तर पहिल्या खेपेला तीन इंच, मग चार-पाच दिवसांनी दोन, मग दीड. जो एका फटक्यात साडेचारचं दीड करतो तो तुमचे पैसे वाचवत नाहीये, खालची काडी उघडी पाडतोय. गवताचा हिरवा भाग वर असतो, खाली नुसत्या पिवळट काड्या, त्या उघड्या पडल्या की लॉनला टक्कल पडल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला तो "पिवळं पडलंय" वाला फोन येतो.

मोजायला काही विशेष लागत नाही, मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, लॉनच्या चार-पाच ठिकाणी मातीला टेकवून उभी धरा. सगळीकडे साधारण सारखं भरलं पाहिजे. एका बाजूला एक इंच आणि दुसरीकडे दोन असेल तर एकतर मशीनची चाकं वेगवेगळ्या उंचीवर लावलीयत किंवा एका बाजूची जमीन मऊ होऊन मशीन खचलंय, दोन्ही गोष्टी चालवणाऱ्याच्या लक्षात यायला पाहिजेत.

पावसाळ्यात उंची एरवीपेक्षा अर्धा इंच जास्त ठेवावी असं आमचं मत. दिवसच्या दिवस ढग असतात, ऊन नाही, पात्याला जेवढी जागा जास्त तेवढं बरं. मेक्सिकन जातीचं गवत लावलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, ते दाट वाढतं, त्यात पाणी साचून राहतं आणि फार बारीक केलं की मधेच कुजल्याचे गोल दिसायला लागतात. सिलेक्शन वन किंवा साधी बर्म्युडा ही गवतं जरा सोशिक आहेत.

तिसऱ्या दिवशी काय बघायचं

खाली वाका. उभ्याने काही दिसत नाही. एक पातं तोडून त्याचं कापलेलं टोक बघा. सरळ, स्वच्छ कापलेलं असेल तर ब्लेडला धार आहे. टोक पिंजलेलं, पांढरट किंवा तपकिरी असेल तर ब्लेड बोथट होतं, गवत कापलं नाही, ओढून फाडलंय. लांबून सगळ्या लॉनवर एक करडी झाक दिसते ती याचीच. फाटलेल्या टोकातून बुरशीला आत शिरायला सोपं जातं आणि पावसाळ्यात उबदार दमट हवा म्हणजे बुरशीचा हंगामच. ब्लेडला साधारण 20 ते 25 तास चालल्यावर धार लावायची असते, चिखल-खडी लागत असेल तर त्याच्याही आधी. "धार कधी लावली होती?" हा प्रश्न बिनधास्त विचारा. उत्तर देताना माणूस आकाशाकडे बघायला लागला तर समजून जा.

दुसरं, गवताचे गोळे. ओलं गवत मशीनच्या खाली आतून चिकटतं आणि मग थापट्या थापट्या पडत जातं. त्या उचलल्या नाहीत की दोन-तीन दिवसांत त्याच्या खालचं लॉन पिवळं, वर बुळबुळीत थर आणि वास. कोरड्या दिवसात बारीक कापलेलं गवत तिथेच राहिलं तर उलट चांगलं, खत होतं, त्यामुळे "कचरा टाकून गेले" म्हणून लगेच रागावू नका, पण पावसाळ्यात गोळे पंज्याने ओढून उचललेच पाहिजेत. हे कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे का ते आधी बघून घ्या, बरेच जण स्वस्तात काम घेतात आणि हेच वगळतात. उचललेलं गवत नुसतं कंपोस्टच्या पिटात भरलं तर दोन दिवसांत घाण वास मारतो, वाळलेला पाला मिसळावा लागतो, आणि सोसायटीने पाला उन्हाळ्यातच पोत्यात भरून ठेवलेला असेल तर आमची पण कामं सोपी होतात.

तिसरं, चाकांच्या रेषा. दर खेपेला एकाच दिशेने मशीन चालवलं की त्याच त्याच जागी माती दबते. मागच्या वेळी उभं कापलं तर या वेळी आडवं. उतार असेल तर मात्र ढकलायचं मशीन उताराला आडवंच फिरवायचं, वर-खाली नाही, ओल्या उतारावर पाय घसरला तर पाय थेट ब्लेडखाली.

आणि झाडांचे बुंधे बघा! हे कुणीच बघत नाही. कडेचं गवत काढायला ब्रश कटर वापरतात, नायलॉनच्या दोरीचा, आणि घाईत ती दोरी चाफ्याच्या किंवा छोट्या आंब्याच्या बुंध्याला घासते. साल गोल निघाली की झाड हळूहळू मरतं आणि तुम्ही पुढच्या वर्षी पाण्याला दोष देता. बुंध्याभोवतीचं गवत विळ्याने किंवा हाताने काढलेलं बरं. ब्रश कटरने अख्खं लॉन कापणारे पण आहेत, गुडघाभर वाढलेलं रान साफ करायला ठीक आहे, लॉनला नाही, खालीवर पायऱ्या पडतात.

जे त्याच्या हातात नाही

आता थोडी आमची बाजू. कापल्यावर तीन दिवसांत काही पाती वर डोकावायला लागली, बाकी लॉन खाली आणि ही चमकदार हिरवी पाती उंच, तर ते बहुतेक गवत नाहीच, लव्हाळा आहे. त्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या असतात, वरून कितीही कापा, तो लॉनपेक्षा जोरात वाढतो. मुळासकट, गाठीसकट खणून काढणं किंवा लव्हाळ्यावरचं निवडक तणनाशक हे वेगळं काम आहे, वेगळं ठरवावं लागतं. तसंच गाजर गवताचं, ते 1955 मध्ये आपल्या पुण्यातच पहिल्यांदा लक्षात आलं आणि मग देशभर पसरलं, मिरवण्यासारखं काही नाही पण आहे खरं. ते मशीनखाली गेलं की परत फुटतं आणि बुटकं राहून फुलतं, म्हणून फुलायच्या आधी उपटायचं, हातमोजे घालून, काही जणांच्या अंगाला त्याने खाज सुटते.

डबकं साचणं हा पण कापणाऱ्याचा दोष नाही, तो लेव्हलचा आणि निचऱ्याचा प्रश्न. मातीचे बारीक बारीक ढीग दिसले तर ती गांडुळांची कृपा, ते चांगलं लक्षण आहे, रोलर फिरवू नका.

एक मात्र त्याच्या हातात आहे, ते म्हणजे मशीन धुणं. दुसऱ्याच्या लॉनवरची बुरशी आणि तणाचं बी चिकटलेल्या ओल्या गवतातून तुमच्याकडे येतं. मशीन गाडीतून उतरवताना खालची बाजू बघा, कालचं गवत तसंच वाळलेलं चिकटलं असेल तर तिथेच थांबवा, तुमचा हक्क आहे.

माणसाची काळजी

इलेक्ट्रिक मशीन ओल्या लॉनवर चालवू देऊ नका, तो म्हणाला "काही होत नाही साहेब" तरी नाही. बाहेरच्या प्लगला 30 मिलीअ‍ॅम्पियरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज लगेच तोडणारा स्विच) आहे का हे तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, पण ती आहे म्हणून ओल्यात चालवायचं असा अर्थ नाही. पेट्रोलचं मशीन असेल तर टाकी लॉनवर उभं राहून भरायची नाही, सांडलं की तेवढ्या भागातलं गवत जळतं, आणि तो डाग कुणाचा यावर नंतर वाद.

पायात गमबूट किंवा जाड बूट पाहिजेत, चपलेवर आलेल्या माणसाला आम्ही कामच देत नाही. ब्लेडखालून दगड उडतात, आणि वाढलेल्या गवतात पावसाळ्यात घोणस, नाग सापडतात, मुळशीकडे तर नेहमीचंच. म्हणून कापायच्या आधी काठीने गवत हलवत एक फेरी मारणारा माणूस दिसला तर तो वेळ काढतोय असं समजू नका, प्लीज. मुलांचे बॉल, पाइप, कुत्र्याची हाडं तेवढी आदल्या दिवशी तुम्ही उचलून ठेवा.

गणपतीच्या आधीची घाई

दरवर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या सोसायट्यांना एकदम लॉन एकदम बारीक करून हवं असतं कारण वर मंडप पडणार. उलट करा. मंडपाखाली दहा दिवस ऊन मिळणार नाही, पाय पडणार, अशा वेळी जरा उंच ठेवलेलं लॉन तग धरतं, बारीक केलेलं पार झोपतं. नीट ताडपत्री अंथरायच्या ऐवजी फळ्या टाकून चालायची वाट केली तर अजून बरं. आणि दूर्वा! बर्म्युडा म्हणजे हरळीच, त्यामुळे आजी आणि लहान मुलं थेट लॉनमधून जुड्या करायला बसतात. त्या महिन्यात औषध मारलं असेल तर ते कधी, कुठलं, हे लॉनवाल्याने गेटवर लिहून लावलं पाहिजे. आमच्याकडून राहिलं तर मागून घ्या. औषध मारलेल्या भागातल्या दूर्वा घेऊ नका, आणि तिथलं कापलेलं गवत शेजारच्या गाई-म्हशींना पण देऊ नका.

ठरवताना विचारायचं

महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट करताना पावसामुळे चुकलेली फेरी पुढे मिळणार की बुडणार, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. आमच्याकडे ती पुढे सरकते, पण सलग पावसात तीन फेऱ्या चुकल्या तर चौथ्या फेरीला एकदम तिन्ही करून मिळत नाहीत, त्याचा काही उपयोगही नाही. मोठं लॉन असेल तर अर्धं कोरडं अर्धं ओलं असं होतं, तेव्हा कोरडं कापून ओलं ठेवणं चालेल का हे आधीच सांगा, म्हणजे दिसायला विचित्र दिसलं तरी फोन येणार नाही. शेजाऱ्याचं लॉन जास्त हिरवं दिसतंय म्हणून युरिया मारायला सांगू नका, जोराच्या पावसात अर्धा वाहून जातो आणि उरलेल्यावर गवत लुसलुशीत, कमकुवत वाढतं, बुरशीला आवडतं तसं.

आणि तक्रार असेल तर जरूर करा, फक्त फोटो दोन पाठवा, एक कापल्या दिवशीचा आणि एक तिसऱ्या दिवशीचा, दोन्ही जवळून, पट्टी बाजूला धरून. गच्चीवरून काढलेल्या फोटोत आम्हाला फक्त हिरवा रंग दिसतो.