जुना गेम विकायचाय? चार फोटो, एक किंमत, बास

नमस्कार मंडळी,

आमच्याकडं जुने व्हिडिओ गेम, म्हणजे प्लेस्टेशन-स्विचच्या डिस्क नि कार्ट्रिज, घेणारे भरपूर आहेत, विकणारेच कमी पडतात, आणि ते का कमी पडतात हे कळायला आम्हाला जरा लाजिरवाणाच वेळ लागला. आमच्या पहिल्या विक्रीच्या फॉर्ममध्ये सतरा प्रश्न होते. आम्ही तिघंही गेमवेडे, त्यामुळं आम्हाला सतराही महत्त्वाचे वाटायचे. मग आमच्यातल्या एकाची आई त्याच्या जुन्या सीड्या विकायला बसली (होय, ब्लू-रे असली तरी घरोघरी तिला सीडीच म्हणतात, आम्हीपण म्हणतो) आणि सातव्या प्रश्नाला थांबली. डिस्कची कंडिशन: मिंट, नियर मिंट, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅक्सेप्टेबल. ती म्हणाली, "अरे, चालते का नाही एवढंच विचार ना."

त्याच दिवशी तो फॉर्म काढून टाकला. आता जे उरलंय ते या पत्रकात आहे, आणि जे उरलंय ते का उरलंय हेपण सांगतो, कारण प्रत्येक गोष्टीमागं एखादं तरी भांडण झालेलं आहे.

आधी बारकोड

गेमचं नाव टाइप करू नका, केसच्या (डिस्कच्या डबीच्या) मागचा बारकोड मोबाइलनं स्कॅन करा. नाव, कन्सोल (गेम ज्या मशीनवर चालतो ते), एडिशन सगळं आपोआप भरलं जातं. हे आळशीपणासाठी नाही हां. "जीटीए फाइव्ह विकायचाय" असं कुणी लिहिलं की आम्हाला काहीच कळत नाही, कारण तो गेम २०१३ मध्ये पीएस थ्रीवर (म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन थ्रीवर) आला, २०१४ मध्ये पीएस फोरवर आणि २०२२ मध्ये परत पीएस फाइव्हवर, तिन्हीची किंमत वेगळी, आणि पीएस थ्रीची डिस्क पीएस फोरमध्ये चालतच नाही. घेणाऱ्यानं बिचाऱ्यानं नाव बघून पैसे भरायचे आणि घरी भलतीच डिस्क यायची, हे बंद करायचं होतं.

केस हरवली असेल तर डिस्कवरच बारीक अक्षरात कोड छापलेला असतो, पीएस फोरला सीयूएसए आणि पुढं पाच आकडे, पीएस फाइव्हला पीपीएसए आणि पाच आकडे. तो टाका. या कोडवरून डिस्क कुठल्या रीजनची, म्हणजे जगातल्या कुठल्या भागासाठी काढलेली, आहे तेपण कळतं. डिस्क कुठल्याही रीजनच्या कन्सोलवर चालते, पण डीएलसी (गेमचा वेगळा मिळणारा जादा भाग) विकत घ्यायची झाली तर अकाउंट आणि डिस्क एकाच रीजनचे लागतात, म्हणून घेणाऱ्याला हे आधी दिसलेलं बरं.

मग चार फोटो

केस समोरून, केस आतून उघडून, डिस्कची चित्राची बाजू आणि डिस्कची चकचकीत बाजू. निन्टेंडो स्विचचं कार्ट्रिज असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून दोनच फोटो पुरतात. (कार्ट्रिज चाटून बघू नका, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून निन्टेंडोनं त्याला मुद्दाम कडू लेप दिलाय. आमच्यातल्या एकानं चाटून बघितलंय, चव अर्धा तास जात नाही.)

चकचकीत बाजूचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक सगळ्यात वाईट काढतात. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा गोळा येतो आणि स्क्रॅच गायब. त्यापेक्षा ट्यूबलाइटखाली डिस्क थोडी तिरकी धरा, ट्यूबचा उजेड त्यावर पट्टीसारखा पडेल, आणि ती पट्टी जिथं तुटलेली दिसते तिथं ओरखडा आहे. बास, तेवढा फोटो द्या. कंडिशनचे ते पाच इंग्रजी शब्द गेले ते यामुळंच, फोटो बघून घेणारा स्वतः ठरवतो.

एक हात जोडून विनंती, डिस्कला टूथपेस्ट लावून घासू नका. जुन्या सीडी-डीव्हीडीला तो उपाय कधीकधी चालायचा कारण त्यात डेटाचा थर पृष्ठभागापासून बराच आत असतो, सीडीत साधारण १.२ मिलिमीटर, डीव्हीडीत ०.६. ब्लू-रेमध्ये तो फक्त ०.१ मिलिमीटरवर आहे, म्हणून तर वरून कडक कोटिंग दिलेलं असतं. ते कोटिंगच घासून काढलं तर हलका ओरखडा, जो कन्सोलनं सहज वाचला असता, त्याच्या जागी कायमची मेलेली डिस्क हातात येते. आमच्याकडं अशा आल्यात, पुदिन्याच्या वासासकट. पुसायचीच असेल तर चष्म्याचं मऊ फडकं घ्या आणि मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही.

आतून उघडलेल्या केसचा फोटो कशाला, हे बरेच जण विचारतात. रेड डेड रिडेम्प्शन टू पीएस फोरवर दोन डिस्कचा आहे, एक डेटा डिस्क, जी एकदा इन्स्टॉलला लागते, आणि एक प्ले डिस्क. विकणाऱ्यानं दोन वर्षं फक्त प्ले डिस्कच वापरलेली असते, डेटा डिस्क कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेली, त्याच्या डोक्यातूनच गेलेलं असतं. तो खोटं बोलत नसतो पण घेणाऱ्याच्या हातात न चालणारा गेम येतो. केस उघडून फोटो काढला की दोन खाचा आणि एक डिस्क लगेच दिसते.

काय घेत नाही

डिजिटल (डाउनलोड केलेला) गेम विकता येत नाही, तो तुमच्या अकाउंटला चिकटलेला असतो. अख्खं अकाउंट विकतो म्हणाल तर तेही नाही, सोनीच्या नियमात ते बसत नाही आणि जुना मालक पासवर्ड रिसेट करून गेम परत घेऊ शकतो. केसमधल्या कुपनचे कोड बहुतेक वापरलेले नाहीतर एक्स्पायर झालेले असतात, त्याचे वेगळे पैसे लावू नका.

पीएस टूच्या राइट केलेल्या (कॉपी मारलेल्या) डिस्क नकोत. आपल्याकडं त्या काळात घरटी त्याच होत्या हे आम्हाला माहितीय, आमच्याही होत्या. पण निळी दिसली म्हणजे नकली असं समजू नका, पीएस टूचे काही ओरिजिनल गेम सीडीवर यायचे आणि त्यांची खालची बाजू खरंच निळी असते. राइट केलेली डीव्हीडी जांभळट दिसते आणि जिथं डेटा संपतो तिथं एक कडं दिसतं. शंका असेल तर फोटो टाका, आम्ही सांगू.

किंमत तुमची

तोच गेम आमच्याकडं याआधी कितीला गेला ते तुम्हाला दाखवतो, किंमत तुम्ही टाकायची. मध्यंतरी आम्हीच किंमत ठरवून द्यायचो, त्यात वेळ वाचायचा पण विकणाऱ्याला सारखं वाटायचं की आपल्याला गंडवलं. आता आमचं मत फक्त एका ओळीत येतं, आणि फुटबॉलच्या गेमला ते जरा स्पष्टच येतं: आजच विका. दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास नवा आला की आधीचा धाडकन पडतो. फिफा नावाचा शेवटचा गेम फिफा २३, त्यानंतर नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी २४ झालं, पण सवय तीच. उलट मारिओ कार्ट एट डिलक्स २०१७ चा आहे आणि अजून चांगल्या भावात जातो, तो ठेवलात तरी फार बिघडत नाही.

आमचं कमिशन विक्रीच्या १० टक्के, कुरियर घेणाऱ्याकडं. म्हणजे १,२०० ला गेला तर तुमच्या हातात १,०८०, आणि हा आकडा किंमत टाकतानाच समोर दिसतो. पहिल्या फॉर्ममध्ये तो शेवटच्या पानावर दिसायचा आणि बरेच जण तिथूनच पळायचे, बरोबरच होतं त्यांचं.

पैसे

घेणाऱ्यानं भरलेले पैसे लगेच तुम्हाला मिळत नाहीत, गेम त्याला पोचल्यावर ४८ तास तो चालवून बघतो, तक्रार नसेल तर पैसे तुमच्या यूपीआयवर. तक्रार करायची असेल तर पार्सल फोडतानाचा न तोडलेला व्हिडिओ त्यानं द्यायचा, नुसत्या शब्दावर आम्ही पैसे अडवत नाही.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. आमच्या नावानं कुणी फोन करून "पेमेंट रिसीव्ह करायला पिन टाका" म्हणाला तर तो आम्ही नाही. फोन ठेवून द्या.

पॅन का मागता? विक्रीवर टीडीएस कापायचा नियम आम्हाला लागू आहे, पण पॅन किंवा आधार दिलेलं असलं आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असली तर साध्या माणसाचा टीडीएस कापावा लागत नाही. घरातल्या सीड्या विकून ५ लाख पार केलेत तर आम्हीच तुम्हाला चहाला बोलवू.

पार्सल

बुटाच्या खोक्यात एक गेम पाठवू नका. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,००० असंही मोजतात, त्यामुळं ३३ बाय २० बाय १२ सेंटिमीटरच्या खोक्याचं वजन दीड किलोच्या वर धरलं जातं, आत शंभरेक ग्रॅमची केस असली तरी. बबल रॅपचे दोन वेढे आणि वर साधं कुरियर पाकीट, एवढं पुरतं. तुमच्या पिनकोडला पिकअप नसेल तर स्पीड पोस्ट करा, पावतीचा फोटो टाका, ते पैसे आम्ही तुम्हाला परत देतो.

पॅक करायच्या आधी केस कानाजवळ धरून हलवा. खडखड आवाज आला तर डिस्क मधल्या दातातून सुटलीय, टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा, नाहीतर कोल्हापूर ते नागपूर ती आत घासत जाईल.

आणि आवाजच आला नाही तर केस उघडून बघा. आमच्याकडं रिकाम्या केसा बऱ्याच येतात, डिस्क कन्सोलमध्येच राहिलेली असते, कारण फोटो रविवारी काढले, विक्री गुरुवारी झाली आणि मधल्या बुधवारी पोरानं शेवटचं म्हणून एकदा गेम लावला.