विज्ञान संग्रहालयात इंटर्नशिप: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

फेब्रुवारी संपत आला की आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या टेबलाशी मुलं येऊन उभी राहतात. "मॅडम, ओजेटीला (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातलं कार्यप्रशिक्षण) कुठे जाऊ?" इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरची मुलं सातपूर-अंबडच्या कंपन्यांची यादी घेऊन येतात, ग्रंथालयशास्त्राची मुलं घराजवळचं वाचनालय धरून बसतात. विज्ञान संग्रहालयाचं नाव क्वचित कुणाला सुचतं. या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकाच छताखाली काम मिळेल अशा जागा मोजक्याच असतात, आणि विज्ञान संग्रहालय त्यातली एक आहे. म्हणून अर्जाची सगळी रीत इथे सविस्तर लिहिते आहे.

अर्ज कुठे करायचा

देशातली बहुतेक मोठी विज्ञान केंद्रं राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेकडे आहेत. ही परिषद १९७८ पासून काम करते, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि तिचं मुख्यालय कोलकात्यात आहे. नाशिककरांना सोयीचं पडतं ते मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. ते १९८५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. विदर्भात नातेवाईक असतील तर नागपूरचं रमण विज्ञान केंद्र आहे, पुण्याकडे राहायची सोय असेल तर चिंचवडचं सायन्स पार्क आहे. आपल्याकडच्या मुलांना एक केंद्र माहीतच नसतं, ते म्हणजे गुजरातमधल्या धरमपूरचं जिल्हा विज्ञान केंद्र. नाशिकहून पेठ ओलांडून त्याच रस्त्याने पुढे गेलं की धरमपूर. पेठ-सुरगाण्याकडच्या विद्यार्थ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

नाशिकमध्ये महापालिकेचं यशवंतराव चव्हाण तारांगण आहे. ग्रंथालयाच्या मुलांसाठी १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना आहे. मुंबईला अर्ज करण्याआधी या दोन्ही जागा निदान एकदा नीट बघून या. अर्जात काय लिहायचं ते तिथे उभं राहिल्यावर जास्त सुचतं.

प्रत्येक केंद्र इंटर्नशिपची सूचना आपल्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे काढतं. शाखा, जागा, कालावधी आणि मुदत हे सगळं त्या वर्षीच्या सूचनेतूनच घ्यायचं. मागच्या वर्षी मैत्रिणीने भरलेला फॉर्म झेरॉक्स करून पाठवू नका.

आधी एक गोंधळ मिटवू

इंटर्नशिप आणि शिकाऊ उमेदवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली येते. तिथे करार होतो, विद्यावेतन मिळतं, कालावधी मोठा असतो. दोन-चार आठवड्यांची विद्यार्थी इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा भाग असतो. सूचनेत मानधनाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते मिळणार नाही असं धरूनच चाला. प्रवास आणि राहण्याचा खर्चही आपलाच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही मुलं विचारतात. ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही, त्यामुळे तिचा आणि या अर्जाचा संबंध नाही.

पात्रता आणि तासांचा हिशोब

मुख्य अट एकच असते: तुम्ही सध्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकत असायला हवं आणि तुमचा विषय केंद्राच्या कामाशी जुळायला हवा. तंत्रज्ञानाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर, आयटी या शाखांची पदवी किंवा पदविका, तर ग्रंथालयाच्या बाजूला बी.लिब. किंवा एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी. मुक्त विद्यापीठातून बी.लिब. करणाऱ्यांनी स्वतःला कमी समजायचं कारण नाही. पत्र तेवढं आपल्या अभ्यासकेंद्राच्या संयोजकांकडून घ्यावं लागतं.

डिप्लोमाची मुलं दहावीनंतर आलेली असतात, त्यामुळे बऱ्याच जणांना अठरा पूर्ण नसतात. कार्यशाळेत ड्रिल आणि कटर चालतात, वय कमी असलं तर केंद्र प्रश्न विचारणारच. पालकांचं संमतीपत्र अर्जालाच जोडून टाका.

तासांच्या हिशोबात मात्र हमखास चूक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) इंटर्नशिपविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार एका क्रेडिटला, म्हणजे अभ्यासाचं काम मोजायच्या एककाला, ३० तास लागतात. दिवसाला सहा तास आणि आठवड्याला पाच दिवस धरले, तर दोन आठवड्यांचे ६० तास होतात, म्हणजे दोन क्रेडिट. चार क्रेडिटच्या ओजेटीला १२० तास, म्हणजे पूर्ण चार आठवडे लागतात. इंजिनिअरिंगला एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचं, माप वेगळं आहे. तिथे एका क्रेडिटला ४० ते ४५ तास धरतात. सूचना दोन आठवड्यांची असेल आणि तुम्हाला चार क्रेडिट हवे असतील, तर उरलेले तास कुठे भरायचे हे विभागप्रमुखांना आधी विचारा. नंतर हे निस्तरता येत नाही.

कागदपत्रं

चालू वर्षाचं बोनाफाईड, मागच्या सत्रांच्या गुणपत्रिका, कॉलेजचं ओळखपत्र, फोटो, एका पानाचा बायोडेटा आणि आधार. आधारची पूर्ण प्रत ईमेलने पाठवू नका. आधारच्या संकेतस्थळावर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क्ड प्रत मिळते, ती पाठवा. क्रेडिट तुमच्या शैक्षणिक क्रेडिट खात्यात जमा होणार असतील तर तुमचा बारा अंकी अपार क्रमांकही (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा.

पण सगळ्यात वजन असतं ते कॉलेजच्या शिफारसपत्राला, आणि आपण सगळ्यात घाईत उरकतो तेही हेच पत्र.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.लिब.ची माझी एक विद्यार्थिनी, अतिशय नीटस मुलगी. तिच्या पत्रात आमच्याकडून "एक महिना इंटर्नशिपसाठी" एवढंच लिहून गेलं. तारखा नाहीत, तास नाहीत. तिने एका केंद्रात महिनाभर मन लावून काम केलं. पत्रात होतं तसंच त्यांनी प्रमाणपत्र दिलं: "एक महिना". विद्यापीठाला हवे होते तास. नवं पत्र, नवा शिक्का, पहाटेचं आवरून पुन्हा मुंबईची पंचवटी एक्सप्रेस, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तिचा एक दिवस गेला. चूक आमच्या टेबलावर झाली होती आणि निस्तरावी लागली तिला. तेव्हापासून मी प्रत्येक पत्र स्वतः वाचल्याशिवाय सहीला पाठवत नाही.

म्हणून पत्रावर एवढ्या गोष्टी आहेत का ते शिक्का बसण्याआधी बघा: गुणपत्रिकेवर आहे तस्सं नाव, वर्ग आणि सत्र, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती तास, किती क्रेडिट, कॉलेजमधल्या मार्गदर्शक शिक्षकांचं नाव आणि फोन, आणि या काळात परीक्षा नाही असं एक वाक्य. लेटरहेड, जावक क्रमांक आणि सही-शिक्का यांबद्दल वेगळं सांगायला नको.

अर्जात लिहायचं काय

"मला विज्ञानाची आवड आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ते वाचून कुणालाही तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तुम्हाला काय करता येतं ते लिहा.

विज्ञान केंद्रातली उपकरणं हाताळण्यासाठीच बनवलेली असतात. एक बटण आठवड्यात शेकडो मुलांच्या बोटांखाली जातं. एक दिवस ते दाबलं तरी दिवा लागत नाही. मग मागचं झाकण उघडायचं, मल्टिमीटरने सप्लाय येतोय का बघायचं, स्विचचा टाका सुटलाय का बघायचं, रिले टिकटिक करतोय का ते कान लावून ऐकायचं. हे तुम्ही प्रॅक्टिकलला केलेलं असतं! मग अर्जात लिहा: "आर्डुइनोवर सेन्सर जोडून प्रकल्प केला आहे, सोल्डरिंग येतं, सर्किटमधला दोष शोधता येतो." वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तुम्हाला कुठल्या टेबलावर बसवायचं ते लगेच कळतं.

ग्रंथालयाच्या मुलांनी तर आणखी मोकळेपणाने लिहावं. अशा केंद्रांतल्या ग्रंथालयाचा मुख्य वाचक म्हणजे तिथलाच अभ्यासू कर्मचारी. उपकरणाशेजारच्या पाटीवर एक वाक्य लिहायचं तरी त्याला संदर्भ तपासावा लागतो. मागे एका ग्रंथालयात विद्यार्थ्यांबरोबर पुस्तकांची पडताळणी करत होते. खगोलशास्त्राच्या एकाच पुस्तकावर दोन दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना मिळणारा क्रमांक) निघाले, एक शाईने खोडलेला आणि एक मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलने लिहिलेला. दाखल नोंदवही उघडून दोन्ही ओळी शोधेपर्यंत दुपार सरली. वर्गात वर्षभर शिकवून जे उतरत नाही ते त्या दुपारी मुलांच्या डोक्यात उतरलं. तुम्हाला पुस्तकांच्या विषयवार मांडणीच्या ड्युई पद्धतीने वर्गांक देता येत असेल, ५२० खगोलशास्त्र, ५३० भौतिकशास्त्र आणि ०६९ संग्रहालयशास्त्र हे ओळखीचं असेल, कोहा किंवा ई-ग्रंथालय या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत नोंद करता येत असेल, मराठी देवनागरीत जलद टाइप करता येत असेल, तर प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहा.

नमुना असा:

"मा. संचालक, विषय: ग्रंथालय विभागात चार आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज. महोदय, मी नाशिक येथे एम.लिब.च्या दुसऱ्या सत्रात शिकत आहे. अभ्यासक्रमानुसार मला १२० तासांचे कार्यप्रशिक्षण पूर्ण करायचे आहे. मला वर्गीकरण, तालिकीकरण आणि कोहामध्ये नोंदी करण्याचे काम येते. जुन्या नियतकालिकांची सूची करण्याचे काम मिळाल्यास मी ते दिलेल्या मुदतीत पूर्ण करीन. महाविद्यालयाचे शिफारसपत्र व इतर कागदपत्रे सोबत जोडली आहेत. आपली विश्वासू."

एवढं पुरे. मुंबईच्या केंद्राला इंग्रजीतून लिहायचं असेल तरी मजकूर एवढाच ठेवा.

पाठवणं आणि पुढचं

निदान दीड-दोन महिने आधी पाठवा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्याच्या आगेमागे केंद्रातली मंडळी कार्यक्रमांत असतात आणि उत्तर लांबतं. सगळे कागद सूचनेत सांगितलेल्या क्रमाने एकाच पीडीएफमध्ये जोडा. फाइलला स्वतःचं नाव आणि विभाग द्या. मोबाइलने काढलेल्या फोटोत बोट आणि सतरंजी दिसत असेल तर जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घ्या. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर कार्यालयीन वेळेत एक फोन करा. त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

निवड झाली तर राहण्याचं आधी ठरवा. सकाळी पंचवटीने दादर गाठून संध्याकाळी परत, असं चार आठवडे कुणाच्याच अंगाला मानवत नाही. मावशी, आत्या, कुणाकडे तरी सोय बघा. नेहरू विज्ञान केंद्राला सगळ्यात जवळचं लोकल स्टेशन महालक्ष्मी.

पहिल्या दिवशी मूळ कागद आणि ओळखपत्र न्या. रोजची हजेरी आणि केलेलं काम वहीत लिहून दर आठवड्याला मार्गदर्शकांची सही घ्या. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच, दारातून बाहेर पडण्याआधी, नावाचं स्पेलिंग, दोन्ही तारखा आणि एकूण तास वाचून बघा.