‘टुगेदर’ आणि ‘बॅड बडी’: यातली ‘लो-ड्रामा’ कोणती?

थाई बीएल (‘बॉइज लव्ह’, म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाच्या सिरीज) नव्याने बघायला लागलेल्यांची मागणी ठरलेली असते: कॉलेजातली, गोड, ‘लो-ड्रामा’, म्हणजे फार ताणतणाव नसलेली सिरीज सांगा. त्यावर दोन नावं हमखास पुढे येतात, ‘टुगेदर’ (2020) आणि ‘बॅड बडी’ (2021-22). दोन्ही जीएमएमटीव्ही या थाई निर्मिती कंपनीच्या, दोन्ही शुक्रवारी यायच्या, दोन्ही कादंबऱ्यांवरून घेतलेल्या. दोन्हींत युनिव्हर्सिटीतली दोन मुलं, हातात गिटार, आणि जगासमोर उभं केलेलं एक नाटक. कथासार वाचून दोन्ही सारख्याच वाटतात. मात्र ‘हलकी’ म्हणून जी सांगितली जाते ती शेवटी रडवते, आणि ‘भारी’ वाटणारी मात्र दोघांच्या नात्यापुरती फार शांत आहे. (पुढे दोन्हींचे शेवट फुटणार आहेत. बघायच्या असतील तर इथेच थांबा.)

‘टुगेदर’ची सुरुवात निव्वळ विनोदी आहे. कायदा शिकणाऱ्या ताइनच्या मागे ग्रीन नावाचा मुलगा हात धुऊन लागलाय. त्याला कटवायला ताइन पॉलिटिकल सायन्सच्या सारावतला गळ घालतो: तू माझा खोटा बॉयफ्रेंड हो. सारावत कॉलेजचा हिरो, गिटार वाजवणारा, कमी बोलणारा. त्याच्याजवळ राहायला मिळावं म्हणून ताइन म्युझिक क्लबात शिरतो. ताइनला स्क्रब हा बँड जीव की प्राण. हा खराखुरा थाई बँड आहे आणि सिरीजभर त्यांचीच गाणी वाजतात. सारावतने ताइनला पहिल्यांदा पाहिलं तेही याच बँडच्या कार्यक्रमात, म्हणजे त्याच्या बाजूने हे नाटक कधी नाटक नव्हतंच. सारावत झालेला ब्राइट आणि ताइन झालेला विन ही नटांची जोडी यातूनच जगभर पोहोचली. लॉकडाऊनचे दिवस होते, लोक घरी बसून शुक्रवारची वाट बघत होते.

घरचा विरोध नाही, समाजाचा त्रास नाही, पैशांची चणचण नाही. मग 13 भाग रेटायचे कसे? तर शेवटच्या टप्प्यात सारावतच्या भूतकाळातली पाम हजर होते, ताइनच्या मनात संशय शिरतो, आणि एका वाक्यात मिटला असता असा घोळ ताणत नेला जातो. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिका बघून वाढलेल्यांना ही युक्ती नवी नाही. बीएलचे जुने प्रेक्षक याला शेवटून दुसऱ्या भागाचा शाप म्हणतात: सगळं सुरळीत चाललेलं असताना ताटातूट व्हायचीच.

‘बॅड बडी’ला असला घोळ मुद्दाम आणायची गरजच नव्हती, कारण संकट पहिल्या भागापासून दारात उभं आहे. इंजिनिअरिंगचा पॅट आणि आर्किटेक्चरचा प्रान. दोघांची घरं शेजारी, खोल्यांच्या खिडक्या समोरासमोर, आणि आईबापांमध्ये जुनं वैर. शाळेत दोघं एकाच बँडमध्ये वाजवतात हे कळताच प्रानच्या आईने त्याची शाळाच बदलली होती. युनिव्हर्सिटीत दोघांचे मित्र एकमेकांना मारायला टपलेले. तेव्हा इथलं नाटक उलटं आहे: चारचौघांत भांडायचं, एकांतात मैत्री, आणि पुढे मैत्रीहून जास्त काही. पॅट झालेला ओम आणि प्रान झालेला ननॉन यांनी हे चोरटेपण असं वठवलंय की नुसत्या भुवईच्या हालचालीवरून कळतं, आत्ता कुठला प्रान बोलतोय.

यात हाणामारी आहे, पॅटला गोळीसुद्धा लागते. कॉलेजच्या नाटकातही ‘क्वान-रियाम’ आणलंय, म्हणजे वैरी घरांतल्या प्रेमिकांची थायलंडमध्ये घरोघरी ठाऊक असलेली शोकांतिका. एवढी तयारी बघून प्रेक्षक शेवटाला घाबरूनच बसला होता. पण या दोघांमध्ये गैरसमज टिकतच नाहीत. आधी कोण प्रेमात पडल्याचं कबूल करतो यावर ते पैज लावतात. घरच्यांच्या वैरामागचं सत्य कळल्यावर एकमेकांना दोष न देता दोघं मिळून समुद्राकाठी पळून जातात. अकराव्या भागात ताटातूट व्हायची ती होत नाही. बाराव्यात चार वर्षांनंतरचा काळ दिसतो आणि क्षणभर वाटतं, गेलं सगळं. मग कळतं की वेगळं झाल्याचा हा देखावा फक्त आईबापांसाठी होता. आईबापांनाही बहुधा सगळं ठाऊक आहे, फक्त कुणी तोंडाने म्हणत नाही. हे मराठी घरांत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

मला विचाराल तर लो-ड्रामाची खूण इथेच सापडते. अडचण किती मोठी यापेक्षा दोघं एकमेकांशी बोलतात का, हे बघायचं. त्या हिशेबाने ‘बॅड बडी’ लो-ड्रामा ठरते, ‘टुगेदर’ फक्त हलकी.

मुलींच्या पात्रांतही फरक आहे. पाम येते ती अडथळा म्हणून. ‘बॅड बडी’तल्या इंकवर आपण भाळलोय असं पॅटला वाटतं, प्रान मनात जळतो, आणि पाहता पाहता इंक पॅटच्या ‘पा’ नावाच्या बहिणीच्या प्रेमात पडते. खलनायिकेचं खातं बंद. स्पर्शाच्या बाबतीत ‘टुगेदर’ इतकी संकोची आहे की तेव्हा चाहत्यांनीच कुरकुर केली होती. ‘बॅड बडी’तला पाचव्या भागातला गच्चीवरचा प्रसंग पाहिल्यावर ती कुरकुर पटते.

गंमत म्हणजे दोन्हींमधला दुवा एकाच माणसाकडे आहे. ‘बॅड बडी’चा दिग्दर्शक नोप्पार्नाच, म्हणजे ऑफ, यानेच ‘टुगेदर’चा पाच भागांचा पुढचा तुकडा ‘स्टिल टुगेदर’ 2020 मध्ये केला. त्यात ताइन आणि सारावत एकत्र राहतात, क्लबची कामं करतात, बारीकसारीक कुरबुरी होतात. ज्यांना ताइन-सारावत आवडले पण पाम प्रकरणाने वैताग आला, त्यांनी ‘स्टिल टुगेदर’ वगळू नये. आणि आठवड्याच्या शेवटी एकच काहीतरी बघायचं असेल, तर सरळ ‘बॅड बडी’ लावा. पहिल्या भागातल्या मारामारीवरून मत बनवू नका, पाचव्यापर्यंत जा.