रांगेतली खुर्ची : पॅराऑर्केस्ट्राची पार्श्वभूमी

9 सप्टेंबर 2012. लंडन पॅरालिम्पिकच्या समारोपात कोल्डप्ले या बँडसोबत जेमतेम वर्षभर वयाचा, दिव्यांग वादकांचा एक वाद्यवृंद वाजवत होता, ब्रिटिश पॅराऑर्केस्ट्रा. संचालक चार्ल्स हेझलवूड यांनी तो 2011 मध्ये उभा केला. ते स्वतः एका दिव्यांग मुलीचे वडील. इतकी वर्षं वाद्यवृंदांसमोर ताल दाखवायची छडी घेऊन उभं राहताना समोरच्या रांगांत दिव्यांग वादक जवळपास दिसलेच नाहीत, हे त्यांना सलत होतं.

एकेकटे कलावंत पूर्वीही होऊन गेले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विटगेनस्टाइनसाठी फ्रेंच संगीतकार राव्हेलने फक्त डाव्या हाताने वाजवायची पियानोची रचना केली. लुई ब्रेल तर स्वतः ऑर्गनवादक. 1829 च्या पुस्तकातच त्याने ठिपक्यांनी संगीत लिहायची सोय केली. पण ठिपके वाचायला बोटं लागतात आणि वाजवायलाही बोटंच, म्हणून अंध वादकाला सगळं पाठ करावं लागतं. आपल्या बैठकीत लिहिलेल्या संगीतावाचून काही अडत नाही, विद्या मुळात कानानेच घ्यायची असते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची सारी भिस्त डोळ्यांवर: नजर कागदावर आणि छडीवर. एकट्याने मैफल गाजवता येई, रांगेत खुर्ची मिळणं कठीण.

क्लॅरेन्स अडू यांची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. ते व्यावसायिक ट्रम्पेटवादक. 1995 च्या मोटार अपघातानंतर मानेखालचं शरीर हलेना. संगीतकार रॉल्फ गेलहार यांनी त्यांच्यासाठी 'हेडस्पेस' हे संगणकाधारित वाद्य घडवलं. डोक्याची हालचाल आणि फुंकर एवढ्यावर ते वाजतं. ट्रम्पेटवादकाची फुंकर पुन्हा कामी आली! पॅराऑर्केस्ट्राच्या सुरुवातीच्या वादकांत ते होते आणि उत्तर प्रदेशात जन्मलेले अंध सतारवादक बलुजी श्रीवास्तवही.

सुरुवातीला इथे सगळेच वादक दिव्यांग होते. पुढे दिव्यांग आणि बिगरदिव्यांग व्यावसायिक शेजारी शेजारी बसू लागले. माझ्या मते हे पाऊल समारोपाच्या झगमगाटापेक्षा मोठं. वेगळा वाद्यवृंद कितीही कौतुकाचा असला तरी तो वेगळाच राहतो.

2018 मध्ये बोर्नमथ सिंफनी ऑर्केस्ट्राचा, दिव्यांगांच्या नेतृत्वाखालचा 'रिझाउंड' हा गट बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या संगीत महोत्सवात वाजला. संचालक जेम्स रोझ यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे शरीराच्या हालचालींवर ताबा ठेवणं अवघड करणारा मेंदूचा विकार, आहे. छडी त्यांनी हाताऐवजी डोक्याला बसवली आणि मानेच्या हालचालीतून वादकांना ताल दाखवला.

त्याच वर्षी 11 ते 25 वयोगटासाठी नॅशनल ओपन यूथ ऑर्केस्ट्रा सुरू झाला, तोही मिश्र. व्यावसायिक वाद्यवृंदात पोचायचं तर तयारी लहानपणीच सुरू व्हावी लागते, आणि नेमकी तिथेच दिव्यांग मुलांची वाट अडत होती. 'क्लॅरियन' हे इलेक्ट्रॉनिक वाद्य त्यांच्यासाठीच घडवलेलं आहे. ज्या मुलाचे फक्त डोळे हलतात, तेही ते नजरेने वाजवतं.