एका नावामागचे दोन भाऊ

दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास पॅरिसच्या द्रुआँ रेस्तराँतून गोंकूर या फ्रेंच साहित्य पुरस्काराची बातमी येते. पुरस्काराची रक्कम अवघी १० युरो, पण ज्या कादंबरीला तो मिळतो तिला वाचक शोधावे लागत नाहीत. नाव ऐकून कुणा एका माणसाचं वाटतं. ते दोन सख्ख्या भावांचं आहे.

थोरला एदमाँ द गोंकूर १८२२ मध्ये नान्सीत जन्मला, धाकटा ज्यूल १८३० मध्ये पॅरिसात. वडील नेपोलियनच्या फौजेतले अधिकारी, ते लवकर वारले. १८४८ मध्ये आईही गेली. तिच्यामागे हाती आलेलं उत्पन्न नोकरीवाचून लिहीत राहण्याइतपत होतं. दोघांनीही लग्न केलं नाही, एकाच घरात राहिले, एकाच टेबलावर लिहीत राहिले.

पहिली कादंबरी २ डिसेंबर १८५१ रोजी बाहेर पडली, आणि नेमक्या त्याच दिवशी नेपोलियनचा पुतण्या, फ्रान्सचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन याने सत्ता बळकावली. पुस्तकाकडे कोण बघणार? कशाबशा साठेक प्रती खपल्या. त्यांची रोजनिशीही याच तारखेला सुरू होते. लेखणी ज्यूलच्या हातात, मजकूर दोघांचा. ही दोन जीवांची कबुली आहे, तिच्यातला ‘मी’ एकच आहे, अशा अर्थाचं एदमाँने पुढे प्रस्तावनेत लिहिलं. या रोजनिशीत फ्लोबेर या कादंबरीकारापासून त्याच्यामागून आलेल्या कादंबरीकार झोलापर्यंत अख्खं साहित्यिक पॅरिस बोलताना ऐकू येतं. तिच्यात मित्रांची निंदा आहे, ज्यूद्वेष आहे, बायकांविषयी कडवट शेरे आहेत. ते झाकून तिचं कौतुक करता येत नाही.

कादंबरीकार म्हणून त्यांना घडवलं ते घरातल्याच एका मृत्यूने. आईच्या वेळेपासून घरात असलेली मोलकरीण रोझ १८६२ च्या ऑगस्टमध्ये वारली. भावांनी तिच्यासाठी मनापासून शोक केला, आणि मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली: प्रियकरासाठी काढलेलं कर्ज, लपवलेलं बाळंतपण, दारू, घरातल्याच पैशांची चोरी. समाजाचं बारीक निरीक्षण करण्याचा ज्यांना अभिमान, त्यांना आपल्याच छपराखाली वर्षानुवर्षं जळणारं आयुष्य दिसलं नव्हतं. त्या धक्क्यातून १८६५ मध्ये ‘जेर्मिनी लासेर्तो’ आली. खालच्या वर्गातल्या माणसांना कादंबरीत जागा मिळायलाच हवी, हे तिच्या प्रस्तावनेत ठणकावून सांगितलेलं होतं. तेव्हा पंचविशीही न गाठलेल्या झोलाने तिचं जोरदार समर्थन केलं, आणि पुढच्या निसर्गवादी, म्हणजे माणसाचं आयुष्य आहे तसं शास्त्रीय बारकाईने मांडणाऱ्या, कादंबरीची वाट इथूनच रुंद झाली. दोघांच्या पुस्तकांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. त्यात निव्वळ शैलीची कारागिरी नाही, आपल्याला काहीच कळलं नव्हतं याची टोचणी आहे.

२० जून १८७० रोजी ज्यूल गेला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. आजार सिफिलिसचा होता. वाक्यवाक्य घासून लख्ख करण्याचं काम आपल्या पाठच्या भावाच्या जिवावर बेतलं, असं मात्र एदमाँ मानत राहिला. ज्यूलच्या हातची शेवटची नोंद त्या वर्षीच्या जानेवारीतली. तिथेच वही कायमची मोहरबंद करायची, असं एदमाँने ठरवलं होतं. ते त्याच्याच्याने झालं नाही. भावाच्या शेवटच्या महिन्यांची हकिगत लिहायला त्याने वही पुन्हा उघडली, आणि आणखी सव्वीस वर्षं लिहीत राहिला. १८७९ मध्ये त्याने सर्कशीतल्या दोन कसरतपटू भावांवर कादंबरी लिहिली. त्यातला धाकटा पाय मोडून जायबंदी होतो, आणि थोरला त्याच्यासाठी कसरत सोडतो.

१८९६ मध्ये एदमाँही गेला. ज्यूल आणि आपल्या नावाने दहा लेखकांची अकादमी चालावी, तिच्यासाठी आपला सारा कलासंग्रह विकावा, असं मृत्युपत्रात होतं. नातलग कोर्टात गेले आणि हरले. या अकादमीचा पहिला पुरस्कार १९०३ मध्ये दिला गेला.

मृत्युपत्रातच नेमलेल्या सभासदांमध्ये पोल मार्गरित होता. त्या काळात तो आपला धाकटा भाऊ व्हिक्टर याच्या साथीने कादंबऱ्या लिहीत होता. शिवाय त्या यादीत ब्रसेल्समध्ये जन्मलेले बोएक्स बंधूही होते. ते दोघं ‘जे. एच. रोनी’ या एकाच नावाने लिहीत. १९०८ मध्ये दोघांचं लेखन वेगळं झालं. नाव मात्र दोघांनीही टाकलं नाही. एकाने त्यापुढे ‘थोरला’ जोडलं, दुसऱ्याने ‘धाकटा’.